आधी डोळ्यांचं विचारणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या टेबलावर लेझर आणि इलेक्ट्रॉनिक्सची सर्किटं जुळवत बसणारी हौशी मंडळी जगभर आहेत. दिवसा कुणी शिक्षक असतो, कुणी हिशेब लिहितो, कुणी अजून शिकत असतो. रात्री सगळ्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न असतं. या मंडळींत मी बरीच वर्षं वावरतोय. त्यांच्या कौशल्याचं कौतुक पुष्कळदा होतं, पण मला त्यांची मदत करायची रीत जास्त मोलाची वाटते. कुणी नवखा विचारतो, "मला लेझर बनवायचा आहे, सर्किट सांगाल का?" समोरचा त्याला ओळखतही नसतो, पण वेळ काढून बोलतो. आणि सर्किट सांगायच्या आधी उलट विचारतो, "डोळ्यांना काय लावणार आहेस?"

या छंदात सर्वांत जास्त वेळा येणारी एक तक्रार सांगतो. कुणीतरी जुन्या डीव्हीडी रायटरमधून लाल लेझर देणारा डायोड काढतो, साडेसहाशे नॅनोमीटर तरंगलांबीचा. एलएम 317 नावाची तीन पायांची रेग्युलेटर चिप वापरून करंट ठरावीक ठेवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, तयार करतो. डायोड जोडतो. क्षणभर लखलखीत लाल प्रकाश पडतो आणि मग डायोड साध्या एलईडीसारखा मिणमिणत राहतो. काय बिघडलं?

जाणकाराला ऐकताक्षणीच कळतं की डायोड गेला. त्याच्या टोकाचा आरशासारखा पृष्ठभाग जळला, आता तो परत यायचा नाही. "गेला, नवा घे" एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तो पुढचा प्रश्न विचारतो: "ड्रायव्हर आधी चालू केलास, की डायोड आधी जोडलास?" बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं. डायोड न जोडता ड्रायव्हर चालू केला, की आउटपुटला बसवलेला, वीज साठवणारा कपॅसिटर जवळजवळ बॅटरीच्या पूर्ण व्होल्टेजपर्यंत भरतो. मग डायोड टेकवला, की तो सगळा साठा एका झटक्यात त्याच्यातून जातो. म्हणून आधी वीज बंद करायची, कपॅसिटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तो रिकामा करायचा, मग डायोड जोडायचा आणि शेवटी वीज सुरू करायची.

आणि त्याच्याही आधीची एक पायरी आहे, जी मला कुणीतरी अशीच समजावून दिली होती. खरा डायोड बाजूलाच ठेवायचा. त्याच्या जागी चार साधे रेक्टिफायर डायोड एकापुढे एक जोडायचे आणि सोबत एक ओहमचा रेझिस्टर. त्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला आणि दोनशे मिलिव्होल्ट दिसले, तर करंट दोनशे मिलिअँपियर. ना आकडेमोड, ना धोका. ड्रायव्हर नीट आहे याची खात्री होते, आणि चूक झाली तरी जळतो तो कुठेही मिळणारा साधा डायोड.

ऐकायला हे दोन मिनिटांचं वाटतं. प्रत्यक्षात मदत करणारा माणूस कुणाच्यातरी बोर्डाचा अस्पष्ट फोटो मोठा करून बघत तासभर बसलेला असतो. कुठली तार कुठे गेली आहे, कुठे सोल्डर नीट धरलेलं नाही, एलएम 317 चे पाय उलटे तर लागले नाहीत ना, हे सगळं शोधत. त्याला यातून काहीही मिळायचं नसतं. त्याचा स्वतःचा अर्धवट प्रकल्प तोवर बाजूला पडलेला असतो.

असं का होत असावं? मला वाटतं, याचं कारण या कामातच आहे. थिओडोर मैमन यांनी 1960 साली माणकाचा पहिला लेझर पेटवला. 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर दाखवला. हे सगळं छापलेलं आहे, हवं त्याला वाचता येतं. पण छापलेलं आणि हाताने जमलेलं यांत मोठं अंतर राहतं. नायट्रोजन लेझरचंच बघा. सत्तरच्या दशकापासून हौशी लोक तो घरी बनवत आले आहेत. त्याला आरसेसुद्धा लागत नाहीत, आणि गॅस म्हणून साधी हवा चालते, कारण हवेत बहुतांश नायट्रोजनच असतो. आकृती पाहिली तर धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये फट, एक स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी उडून स्विचचं काम करणारी फट, आणि पत्र्याचे कपॅसिटर, बस. पण जुळवून बघा! ठिणग्या फटीत एकाच जागी पडत राहतात आणि लेझर काही मिळत नाही. तेव्हा कुणीतरी सांगावं लागतं की जिथे ठिणग्या गर्दी करतात, तिथे पट्ट्या केसभर जवळ आल्या आहेत. वीज तोडायची, कपॅसिटर रिकामे करायचे, ते टोक किंचित मागे सरकवायचं, पुन्हा बघायचं. ठिणग्या पूर्ण लांबीवर सारख्या पसरल्या, की टोकासमोर धरलेला पांढरा कागद निळसर चमकतो. किरण असतो 337 नॅनोमीटरचा, अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. चमकतो तो कागद. ही खुबी आकृतीत काढता येत नाही. ती करून पाहिलेल्या माणसाकडूनच मिळते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात अशा देण्याचं एक मोठं उदाहरण आहे. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबात स्टीव्ह वॉझ्निअॅक आपल्या कॉम्प्युटरच्या सर्किटच्या प्रती सभासदांना फुकट वाटत असत, आणि काही जणांना तो जुळवायला मदतही करत. तोच कॉम्प्युटर पुढे अॅपल वन म्हणून विकला गेला.

आता मदतीची अवघड बाजू. कधीकधी मदत म्हणजे नकार. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून काहीतरी करू पाहणाऱ्याला, ज्याने अजून साधा पॉवर सप्लायही जुळवलेला नाही, त्याला स्पष्ट "नको" म्हणणारे लोक मला फार जवळचे वाटतात. त्या ट्रान्सफॉर्मरला चूक माफ नाही, तिथे जीव जातो. लेझरचंही तसंच. एक मिलिवॅटच्या आतला दिसणारा किरण असेल तर पापणी मिटते आणि डोळा वाचतो. अर्ध्या वॅटच्या पुढे गेलात, की भिंतीवरून परतलेला विखुरलेला उजेडही घातक ठरू शकतो. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये तर आणखी एक धोका आहे. त्याच्या आत मुळात 808 आणि 1064 नॅनोमीटरचे अवरक्त किरण असतात, त्यांच्यापासून हिरवा तयार होतो. अवरक्त अडवणारा फिल्टर बसवलेला नसेल, तर हिरव्यासोबत न दिसणारा किरणही बाहेर पडतो, आणि जे दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. म्हणून गॉगल नुसता रंगीत असून भागत नाही, तो त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला हवा. हे पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगणारा माणूस नवख्याचा उत्साह मोडतो असं काहींना वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. राग ओढवून घेऊन तो दुसऱ्याचे डोळे सांभाळतो.

मात्र एक गोष्ट मला खटकते. "आधी वाचून ये, मग विचार," असं काही जाणकार फटकन बोलतात. ज्याला आपल्या अडचणीचं नावच माहीत नाही, तो वाचणार काय आणि शोधणार कुठे? विचारणाऱ्यानेही एवढं करावं, की काय जोडलं, किती व्होल्टेज मोजलं, कुठल्या क्षणी बिघडलं, हे नीट सांगावं. तेवढ्याने समोरच्याचा तास वाचतो.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात जुनी हेलियम-निऑन वायूच्या लेझरची काचेची नळी पडून असेल, आणि ती दुसऱ्याला द्यायची असेल, तर सोबत एक चिठ्ठी जरूर ठेवा. कॅथोड, म्हणजे ऋण टोक कुठलं, कारण उलटी जोडली तर नळी खराब होते; किती मिलिअँपियरवर चालवत होतात; करंट आवरायला सोबत कुठला बॅलास्ट रेझिस्टर लावला होता; शेवटची कधी पेटवली होती. आणि सर्वांत वर लिहा, की हिला पेटायला काही हजार व्होल्ट लागतात आणि वीज बंद केल्यावरही सप्लायमध्ये चार्ज उरतो. घेणारा कदाचित पहिल्यांदाच अशा नळीला हात लावत असेल.

नमस्कार.