पथ्य मुलाचं, पंगत सगळ्यांची

(दादर येथे पालक, आजी-आजोबा आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज हॉलमध्ये आईवडिलांपेक्षा शेजारी आणि आजी-आजोबा जास्त दिसताहेत, याचा मला मनापासून आनंद झालाय. पत्रिकेत विषय लिहिलाय ‘ऑटिझम : विशेष आहार आणि समाजाचा आधार’. आहारावर बोलायला मला नेहमीच बोलावतात, आहारतज्ज्ञ म्हणून तो माझा व्यवसायच आहे. आधारावर बोलायला मात्र कोणी बोलवत नाही. म्हणून या वेळी मी आयोजकांना अटच घातली, की शेजाऱ्यांना घेऊन या. त्यांनी आणलं. तेव्हा उद्या जिन्यात भेटल्यावर ‘आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही’ म्हणायची सोय आता कोणालाच उरलेली नाही! शेवटी मी सोसायटीने नेमकं काय करायचं ते सविस्तर सांगणार आहे, त्यासाठी वेळ राखून ठेवलाय.

ऑटिझम, म्हणजे बोलणं, मिसळणं, आवाज-स्पर्श जाणवणं यांतला मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा, तो या सभागृहाला समजावत बसत नाही. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, असेसमेंटचे रिपोर्ट, वर्गात मुलाच्या जोडीला बसणारी शॅडो टीचर, हे शब्द इथल्या निम्म्या घरांत रोज असतात. त्यांच्याच जोडीला कधी ना कधी चार इंग्रजी अक्षरं येतात : जीएफसीएफ. ग्लुटेन बंद, केसिन बंद. ग्लुटेन हे गव्हातलं, जवातलं प्रथिन. केसिन दुधातलं. म्हणजे पोळी गेली, पाव गेला, बिस्किट गेलं, दूध-दही-पनीर गेलं. ही कल्पना आली कुठून? 1979 साली याक पँकसेप या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला, की ऑटिझममधली काही लक्षणं अफूसारख्या द्रव्यांच्या परिणामांशी मिळतीजुळती आहेत. पुढे नॉर्वेचे संशोधक कॅले रायशेल्ट यांनी त्याला आहार जोडला : गव्हाची आणि दुधाची प्रथिनं नीट न पचता त्यांचे अफूसारखे तुकडे रक्तात जात असतील, मेंदूपर्यंत पोचत असतील. तर्क डोक्यात चटकन बसतो. तो खरा ठरला का, त्याकडे मी येणार आहे. आधी शिऱ्याकडे जाऊ या.

गिरगावातली एक चाळ. तिथे एक कुटुंब, मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा. बोलणं मोजकं, पण चर्चगेटपासून विरारपर्यंतची सगळी स्टेशनं क्रमाने पाठ. स्लो गाडीची वेगळी, फास्टची वेगळी. पोट कायम बिघडलेलं. आईवडिलांनी बालरोगतज्ज्ञांशी बोलून, माझ्याकडे येऊन, काही आठवडे गहू आणि दूध बंद करून बघायचं ठरवलं. आणि त्यातच चाळीत सत्यनारायण आला.

आता प्रसादाचा शिरा कसा करतात हे तुम्हाला मी सांगायला नको. सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर, दूध, वर केळं. गहू आणि दूध एकाच द्रोणात. त्या आईने आदल्या दिवशीच पूजेच्या घरी जाऊन सांगून ठेवलं होतं, की त्याच्या हातात फक्त केळं द्या. ऐन वेळी गर्दी झाली आणि एका काकूंनी प्रेमाने द्रोण मुलाच्या हातात ठेवला. आईने अडवलं तर काकू म्हणाल्या, ‘‘अगं, प्रसादाने कधी कोणाचं वाईट झालंय का?’’ आईने द्रोण घेतला, कपाळाला लावला आणि पदराआड केला. पण मुलाने शिरा बघितला होता. त्याच्या फार आवडीचा. त्यात झांजा, घंटा, आरतीचा टिपेचा सूर, पन्नास माणसांची दाटी. तो कान दाबून सतरंजीवर आडवा झाला आणि ओरडायला लागला. त्या गोंधळात मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘एवढ्याशा शिऱ्यासाठी लेकराला रडवते, कसली ही आई!’’

पुढे ती माझ्याकडे कितीतरी वेळा आली. मुलाच्या त्या रडण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. हे वाक्य मात्र ती दर वेळी सांगायची. त्यानंतर त्या घराने पूजेला जाणं सोडलं. मग हळदीकुंकू सुटलं, मग वाढदिवस. कोणी बोलावणं बंद केलं नव्हतं, तेच जाईनासे झाले. मुलाच्या ताटातून गहू आणि दूध काढलं होतं, कुटुंबाच्या आयुष्यातून माणसं गेली.

आता माझी खरी तक्रार ऐका. त्याच पूजेत अप्पा होते. अप्पांना डायबेटिस. त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा न मागता आला. कानतुटका निळा कप, तो अप्पांचा, हे चाळीतलं शेंबडं पोरही जाणतं. ‘अप्पा, एक घोट गोड घेतलात तर काय होतंय’ असं त्यांना कोणी म्हणत नाही. ऑफिसात कोणी सांगितलं, आज माझी चतुर्थी आहे, तर पाच मिनिटांत त्याच्यापुढे केळी आणि बटाट्याचा चिवडा येतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची ताटं आपण लग्नात वेगळी लावतो. पथ्य सांभाळणं आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे! मग एका लहान मुलाच्या आईने सांगितलं की तिच्यावरच विश्वास का नाही?

याची मुळं जुनी आहेत. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझमला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. पण त्याच लेखात आईवडिलांच्या थंडपणाचाही उल्लेख होता. त्यावरून पुढे ‘आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं’ हा घोर आरोप अमेरिकेत वर्षानुवर्षं चालला. तो खोडून काढायला 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहिलं. ते मानसशास्त्रज्ञ होतेच, शिवाय ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. हेच रिमलंड पुढे जीवनसत्त्वांचा आणि आहाराचा पुरस्कार करू लागले. हा दुवा मला फार बोलका वाटतो. ज्या पालकांना ‘दोष तुमचा’ असं ऐकवलं गेलं, त्यांना पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की शरीराकडे बघा, तुमच्या हातात करण्यासारखं काही आहे. स्वयंपाकघर आईच्या हातात असतं. तिने ते धरलं, तर तिला भोळी म्हणू नका.

त्या आशेवर डल्ला मारणारे आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे. याच शहरात एका ठिकाणी एका जोडप्याला लघवीची तपासणी, पावडरी, थेंब आणि ‘सहा महिन्यांत फरक’ असं पॅकेज विकलं गेलं. बाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. त्या पैशांत मुलाची वर्षभराची स्पीच थेरपी झाली असती. असं कोणी तुम्हाला खात्री देऊन सांगितलं, तर पैसे खिशातच ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता चांगली गोष्ट. त्याच गिरगावच्या घरासाठी मी ज्वारीची भाकरी, तांदळाचं घावन, नाचणीचं आंबील असं लिहून दिलं होतं. पण ज्वारी दळायची कुठे? गिरणीत दिवसभर गहू. गव्हावर ज्वारी टाकली की पिठात गहू उतरणारच. ती आई सकाळी गिरणी उघडायच्या आधी डबा घेऊन उभी राहायची. गिरणीवाल्या भाऊंनी एक दिवस विचारलं, ‘‘ताई, एवढी घाई कसली?’’ तिने सांगितलं. भाऊंनी ऑटिझम हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. त्यांनी एवढंच केलं : सोमवारी गिरणी झाडून पुसून, आधी मूठभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढायचे आणि मग हिची ज्वारी घ्यायचे. डब्यावर खडूने मुलाचं नाव. चाळीतल्या बायकांनी कारण विचारलं, भाऊंनी सांगितलं, आणि ज्या काकूंनी द्रोण दिला होता त्यांनीच पुढच्या गणपतीत उकडीचे मोदक वेगळ्या चाळणीत उकडून, तूप न घालता, त्याच्यासाठी आणले. तांदळाची उकड, नारळ, गूळ. गहू नाही, दूध नाही. बाप्पाचा नैवेद्य मुळातच पथ्याचा निघाला!

आपल्या खाण्यात अशा सोयी खूप आहेत. वरई, राजगिरा, साबुदाणा, पोहे, आंबोळी, सोलकढी. उपवासाचं ताट दही-दूध वगळलं की जवळजवळ तयारच आहे. फसवतात त्या बारीक गोष्टी. बाजारच्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि आपली एक आमटी हिंगाशिवाय होत नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू, बोंबील घोळवायला रवा, सोया सॉसमध्ये गहू. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे, तेव्हा लेबल वाचा. आणि काही मुलं एकाच कंपनीचं, एकाच रंगाच्या पुड्यातलं बिस्किट खातात. पुड्याचा रंग बदलला तरी हात लावत नाहीत. तो हट्ट नव्हे. चव, वास, कुरकुरीतपणा या गोष्टी त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रपणे जाणवतात…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताहेत. बरं, मुद्द्यावर येते, भरभर सांगते.

या आहाराने ऑटिझमची लक्षणं कमी होतात का? आजवरच्या चांगल्या अभ्यासांतून तसा पुरावा मिळालेला नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमच्या मुख्य लक्षणांसाठी हा आहार वापरू नका, असं स्पष्ट म्हटलंय. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 14 मुलांना या आहारावर ठेवून, कोणालाही कळणार नाही अशा पद्धतीने अधूनमधून गहू आणि दूध दिलं गेलं. वागण्यात, झोपेत, पोटाच्या तक्रारीत फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, पण काटेकोर आहे. ज्या मुलाला खरोखर सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार आहे किंवा दुधाची अॅलर्जी आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याला पथ्य लागतंच. म्हणून गहू बंद करण्याच्या आधी सिलिअॅकची रक्ततपासणी करा. गहू सोडल्यावर केली तर ती फसवी येऊ शकते.

धोकाही आहे. 2008 च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या 75 मुलग्यांच्या हाताच्या हाडांची जाडी मोजली. ती अपेक्षेपेक्षा पातळ निघाली, आणि दूध बंद असलेल्यांची आणखी पातळ. शाकाहारी घरात दूध गेलं की बी-12 या जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोत जातो. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तीळ आहेत, पण बी-12 त्यांतून येत नाही. ते औषधातून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावं लागतं. जे मूल चार-पाचच पदार्थ खातं आणि त्यांतले तीन गव्हाचे आहेत, त्याला या वाटेने नेऊच नका. तरीही करून बघायचं असेल तर मुदत ठरवा, वही ठेवा, त्या काळात शाळा किंवा थेरपी बदलू नका, आणि फरक दिसला नाही तर मुकाट्याने पोळी परत द्या. बद्धकोष्ठता, दात, कान यांची तपासणी आधी. ज्याला सांगता येत नाही ते मूल पोट दुखलं तरी डोकं आपटतं.

आणि हे सगळं एकट्या घराला प्रामाणिकपणे करून बघताच येत नाही. एकाने लपवून बिस्किट दिलं की वहीतल्या नोंदींना अर्थ राहत नाही. पथ्य उपयोगी ठरो वा न ठरो, आधार दोन्ही वेळी लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते सांगायला मी शिऱ्यापासून निघाले.

सोसायटीसाठी, पटापट. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्या घरी फोन करा : काय शिजणार आहे, लाऊडस्पीकर किती वाजता, आरती किती वेळ. पंगतीत एक ताट आधी बाजूला काढा, वाढप्यांना दाखवून ठेवा. मूल कान दाबून बसलं तर सल्ला देऊ नका, गर्दी मागे सरकवा. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन शेजारी त्या घरी बसा, म्हणजे आईला बाहेर पडता येईल. त्याच्या बहिणीला-भावाला आपल्या मुलांबरोबर चौपाटीवर न्या, ती पोरं फार समजूतदार होतात आणि म्हणूनच विसरली जातात. सोसायटीत कागदपत्रं भरायला हुशार असे निवृत्त काका असतातच. त्यांनी युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, आणि निरामया या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज भरून द्यावा. निरामयात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा हे हक्काचं आहे. मुंबईत पालकांनीच चालवलेली ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही संस्था आहे, ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र आहे. नव्याने निदान झालेल्या घराला पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या पालकांशी गाठ घालून द्या.

निरामयाची माहितीपत्रकं मागच्या टेबलावर आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन-दोन घ्यावीत. आता प्रश्न. खिडकीजवळच्या आजोबांचा हात मघापासून वर आहे, आधी ते बोलतील.