मारुतीच्या कमरेला पाणी: अबोल नायकाचं बालपण गेममध्ये दाखवावं का?

(दृश्य: पावसाळ्यातली सकाळ, नाशिकचं रामकुंड. गढूळ गोदावरी. नदीत उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला गुडघ्यापर्यंत पाणी.)

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर बघतात. आधी विचारतात, मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं? घोटे, गुडघे, कंबर, छाती. पाणी जसं वर सरकतं तशी भांडी बाजारातली माणसं माल माळ्यावर चढवायला लागतात. मारुती बोलत नाही, त्याचा चेहरा बदलत नाही. पण पाणी कुठं पोचलंय एवढ्यावरून सगळ्या गावाला सगळं समजतं.

व्हिडिओ गेममधल्या अबोल नायकाचं कामही हेच. तो उभा राहतो, झेलतो, पोटात ठेवतो. आणि मग गोष्ट लिहायला बसलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "याचं लहानपण दाखवूया ना. हा असा का झाला ते तरी कळेल."

आमचं मत आधीच सांगतो. लहानपण जरूर दाखवावं, पण 'का' सांगण्यासाठी नको. खेळाडूच्या हाताला त्यात काही करायला मिळत असेल आणि नायकाची एखादी सवय त्यातून उलगडत असेल, तर त्या फ्लॅशबॅकइतकी ताकदीची गोष्ट गेममध्ये दुसरी नाही. जखम उघडून कारण दाखवलं, की माणूस जातो आणि हातात त्याचा केसपेपर उरतो.

(दृश्य: जुना सीआरटी टीव्ही, त्यावर प्रयोगशाळेचा बोगदा.)

गप्प राहणारे सगळे नायक एका जातीचे नसतात. १९९८ च्या हाफ-लाइफमधला गॉर्डन फ्रीमन एक शब्दही बोलत नाही, कारण ती जागा खेळाडूसाठी रिकामी ठेवलेली आहे. त्याला बालपण देणं म्हणजे भाड्यानं दिलेल्या घरात मालकानं येऊन भिंतीवर स्वतःच्या घरच्यांचे फोटो टांगणं. तिथं हात लावू नये.

२००१ च्या हेलोमधला मास्टर चीफ थोडा वेगळा. सहाव्या वर्षी त्याला घरातून उचलून नेलं, नाणं उडवून त्याची पारख केली, हे सगळं कादंबरीत आहे. त्या पहिल्या गेममध्ये यातलं काही नाही. ज्याला हवं त्यानं वाचावं, खेळणाऱ्याचं काही अडत नाही. हा निर्णय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो.

क्लाउडची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. १९९७ च्या फायनल फँटसी सेव्हनमध्ये तो थंड, तुटक बोलणारा भाडोत्री लढवय्या आहे. सुरुवातीच्या काही तासांनंतर तो आपली जुनी हकीकत सांगतो आणि खेळाडू ती स्वतः खेळतो, म्हणून ती खरी मानून चालतो. पुढे बऱ्याच तासांनी कळतं, की तीत दुसऱ्याच माणसाची जागा त्यानं घेतली होती. मग त्याची बालमैत्रीण टीफा त्याच्या मनात उतरते आणि दोघांच्या लहानपणच्या आठवणी ताडून खरं काय ते बाहेर काढते. इथं बालपण हा पुरावा आहे. खेळाडूनं ज्यावर विश्वास ठेवला तेच खोटं निघतं, म्हणून तो फ्लॅशबॅक लागतोच. काढून टाकला तर गोष्टच उभी राहत नाही. कुठलाही फ्लॅशबॅक ठेवायचा की नाही हे ठरवताना हीच कसोटी लावावी.

आता गॉड ऑफ वॉर मालिकेतला क्रेटोस. २०१० च्या घोस्ट ऑफ स्पार्टामध्ये त्याचं लहानपण आलं. धाकटा भाऊ डेमॉस, त्याला ओढून नेणारा युद्धदेव एरीस, आणि भावाच्या अंगावरच्या जन्मखुणेसारखा क्रेटोसनं स्वतःच्या अंगावर काढून घेतलेला तो लाल पट्टा. माहिती म्हणून ती चांगली आहे. पण २०१८ च्या गॉड ऑफ वॉरनं काय केलं बघा. तो गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा न तोडता चालतो. कटच नाही, त्यामुळं भूतकाळात उडी मारायला फटही नाही. मुलगा आजारी पडतो, क्रेटोस वादळातून होडी वल्हवत घरी येतो, जमिनीखालचं खोकं उघडतो, जुनी पाती बाहेर काढतो आणि त्यांच्या साखळ्या पुन्हा मनगटांना गुंडाळतो. मागचे गेम न खेळलेल्यालाही कळतं, की या माणसानं काहीतरी पुरून ठेवलं होतं. पाणी कमरेपर्यंत आलंय हे दिसतं.

तीच वाट २०१८ च्याच रेड डेड रिडेम्प्शन टूची. आर्थर मॉर्गनच्या बालपणाचं एकही दृश्य नाही. छावणीतल्या त्याच्या पलंगाजवळ आईवडलांचे फोटो आणि एक जपून ठेवलेलं फूल. खेळाडू स्वतः जाऊन बघेल तर बघेल.

मग फ्लॅशबॅक जमतो कुठं? २०२० च्या घोस्ट ऑफ त्सुशिमामध्ये. लहानग्या जिनला त्याचा मामा, लॉर्ड शिमुरा, तलवार शिकवतो आणि त्याच वेळी खेळाडूही शिकत असतो. पुढे लढताना बोटांना जे आठवतं ते मामानं शिकवलेलं असतं. त्यामुळं जिन मामाच्या नियमांबाहेर पाऊल टाकतो तेव्हा खेळणाऱ्याच्याही हातून काहीतरी मोडतं. अॅसॅसिन्स क्रीड थ्रीमध्ये, २०१२ साली, कॉनर आधी सवंगड्यांबरोबर लपाछपी खेळतो. त्याच्याआधी याच गेमची तीन प्रकरणं दुसऱ्याच माणसाच्या अंगातून तलवार गाजवलेली असते, त्यामुळं कित्येकांना ही लपाछपी रटाळ वाटते. आम्हाला ती गरजेची वाटते, कारण पुढं जळणारं गाव खेळाडूनं स्वतः पायाखाली घातलेलं असतं.

(दृश्य: भांडी बाजार. पितळी घागरींच्या उतरंडी. एकीवर ठोक्याचा खळगा.)

आता हे सगळं नाशिकमध्ये आणूया आणि एक फ्लॅशबॅक खरंच बांधून बघूया. गेम छोटा, साधारण सहा तासांचा. नायक गोदाकाठचा जीवरक्षक, आता पंचविशीत. २००८ च्या पुरात तो सात वर्षांचा होता. पूर चढला की तो घाटाच्या कोरड्या राहिलेल्या पायऱ्या तोंडातल्या तोंडात मोजतो. बाकी बोलत नाही.

लिहिणाऱ्याच्या मनात पहिली कल्पना येते ती अशी: त्या पुरात याचा बाप डोळ्यांदेखत वाहून गेला. ही कल्पना बाजूला ठेवा. ती मनात आली कारण ती सगळ्यांच्याच मनात येते. शिवाय तिच्यानंतर नायकाची प्रत्येक उडी त्या एकाच हिशेबात जमा होते, आणि तो का मोजतो, हे कुतूहलही मरतं.

त्याऐवजी हे बघा. भांडी बाजारातलं दुकान, नदीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी. आई भांडी माळ्यावर चढवतेय. मुलाला दोनच कामं: खालची घागर उचलून शिडीपाशी आणायची, आणि दारातून घाटाकडं बघून सांगायचं.

"किती राहिल्या रे?"

"नऊ."

पुन्हा एक खेप. "आता?"

"सात."

एवढंच. चार मिनिटं, कुणी मरत नाही. मुलाला भीती वाटू नये म्हणून आईनं त्याला मोजायला लावलंय, हे कुणीही बोलून दाखवत नाही.

कळीची गोष्ट बटणाची आहे. मोठेपणी बुडणाऱ्याचा हात धरायला खेळाडू जे बटण दाबून धरतो, तेच बटण इथं घागरीच्या काठाला. सोडलं तर घागर फरशीवर आदळते, ठणकन् आवाज घुमतो, आई म्हणते, "असू दे, पुढची घे." गेम तिथं संपवायचा नाही, शिक्षा करायची नाही. फक्त त्या घागरीला कायमचा खळगा पडतो. दृश्य संपून आपण आजच्या काळात येतो तेव्हा फळीवर तीच खळग्याची घागर दिसते. जो खेळाडू एकदाही चुकला नाही, त्याला ती धड दिसते. पुढच्या प्रसंगात बुडणाऱ्याचा हात धरताना खेळाडू बटण किती घट्ट दाबतो ते बघण्यासारखं असतं.

हे दृश्य साडेतीन तासांच्या आसपास यावं, आधी नाही. आधी त्याचं मोजणं इतक्यांदा कानावर पडलेलं हवं की खेळाडूही मनात मोजायला लागलेला असेल. एकदाच यावं. आणि धामधुमीत नको; एखादी सुटका पार पडल्यावर, नायक ओल्या कपड्यांत दुकानाच्या ओट्यावर बसला की.

(दृश्य: संगणकाचा पडदा. राखाडी ठोकळ्यांचा घाट, त्यावर लहान मुलाची आकृती एका पायरीशी अडलेली.)

प्रत्यक्ष बांधताना काय बिघडतं? पहिली चूक म्हणजे मोठ्या माणसाचं मॉडेल आकसून मूल करणं. मोठ्याची उंची साधारण साडेसात डोक्यांची असते, सात वर्षांच्या मुलाची सहाच्या आसपास. नुसतं लहान केलं तर मूल न दिसता बुटका माणूस दिसतो. सांगाडा वेगळाच करावा लागतो. ॲनिमेशन मात्र सातच पुरतात: उभं राहणं, चालणं, पळणं, उचलणं, उचलून चालणं, ठेवणं आणि मान वर करून आईकडं बघणं. शेवटचं विसरू नका. ते नसेल तर मूल आपल्या कमरेएवढ्या जगात राहतं असं वाटतच नाही.

कॅमेरा दीड-पावणेदोन मीटरवरून एक मीटर दहा सेंटिमीटरवर आणा. दुकानात आता चेहरे दिसत नाहीत, गाठोडी आणि धोतरं दिसतात. गल्ल्यावर काय आहे ते दिसत नाही. दृश्याचा कोन मात्र रुंद करू नका, काहींना गरगरतं. चालण्याचा वेग निम्मा केला तर खेळाडूला चिखलात रुतल्यासारखं होतं. मोठ्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के ठेवा आणि पावलं भरभर पडू द्या.

आणि पायऱ्या. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टर कंट्रोलरची, म्हणजे पात्राला चालवणाऱ्या घटकाची, मूळ उंची २ मीटर असते आणि तो ०.३ मीटरपर्यंतची पायरी आपोआप चढतो. मुलासाठी उंची १.२ मीटर केली आणि पायरीची मर्यादा ०.२ मीटरवर आणली, की २४ सेंटिमीटरच्या पायरीशी मूल नाक घासत उभं राहतं. मर्यादा पुन्हा वाढवली तर ते उंबरठे आणि घागरीही चढून जातं. उपाय सोपा आहे. पायऱ्यांवर एक न दिसणारा उताराचा कोलायडर, म्हणजे पात्राला टेकायला मिळणारा पृष्ठभाग, टाकायचा. २४ सेंटिमीटर चढ आणि ३२ सेंटिमीटर रुंदी असेल तर उतार ३७ अंशांचा होतो. चढता येणाऱ्या उताराची मूळ मर्यादा ४५ अंश, म्हणजे मूल सुखानं चढतं. पाय पायरीवर पडलेले दिसावेत एवढं ॲनिमेशनमध्ये बघायचं.

नवा नकाशा बनवू नका. तोच बाजार, तोच घाट घ्या, पाण्याची पातळी आणि उजेड बदला, फ्लेक्सच्या जागी रंगवलेल्या पाट्या लावा. पडदा पिवळसर करणं, कडा धूसर करणं टाळा. तसं केलं की खेळाडू समजतो कटसीन, म्हणजे नुसतं बघायचं दृश्य, आली, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवतो. इथं तर त्याचा हात हवा आहे.

मुलाचा आवाज मुलाचाच घ्या. मोठ्यानं काढलेला बारीक आवाज लगेच ओळखू येतो. वीस मिनिटांच्या वर सलग रेकॉर्डिंग नको. मूल कंटाळलं की "नऊ, सात" पाढे म्हटल्यासारखं येतं.

आणखी एक बारीक पण जिव्हारी लागणारी चूक जतन करण्यातली. फ्लॅशबॅकमध्ये खेळाडूनं गेम बंद केला आणि परत आला, तर नायकाचा दोर, शिट्टी, जीवरक्षक जॅकेट सगळं गायब. कारण मुलाचं रिकामं सामान मोठ्याच्या सामानावर लिहिलं गेलं. दोघांची नोंद वेगळी ठेवा, आत शिरताना एक चेकपॉइंट आणि बाहेर पडताना एक. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला दृश्य वगळायची मुभाही द्या.

हे सगळं बांधायला पैसे आणि माणसं नसतील तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या राजीकडं बघा, २०२० चा गेम. त्यात गोष्टीचे कितीतरी भाग छायाबाहुल्यांसारख्या दृश्यांतून आणि भिंतीवरच्या चित्रांतून सांगितले आहेत. आपल्याकडं चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी पिंगुळीची चित्रकथी आहेच. हातानं खेळायची चार मिनिटं परवडत नसतील, तर एक चित्र, दीड मिनिट आणि त्यातही एक तरी बटण. अर्धवट बनवलेल्या त्रिमितीय मुलापेक्षा ते कधीही बरं.

मग चाचणी. सहा जण बोलवा. तिघांना फ्लॅशबॅकसह, तिघांना त्याशिवाय खेळू द्या. खेळताना काही समजावू नका. नंतर एकच प्रश्न: हा माणूस पायऱ्या का मोजतो? दोन्ही गटांची उत्तरं सारखी आली तर फ्लॅशबॅक काढून टाका, कितीही मेहनत गेलेली असो. फ्लॅशबॅक पाहिलेले तिघंही एकच छापील उत्तर द्यायला लागले, तर आईचे संवाद कमी करा, तुम्ही जास्त बोललात. आणि कुणी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर गप्प झालं, तर दृश्याला हात लावू नका.

(दृश्य: संध्याकाळ. रामकुंडाच्या पायऱ्या, कडेनं वर येणारं पाणी.)

राहिलं परत येणं. मूल दारात उभं आहे, म्हणतं, "चार." पडदा काळा करू नका. त्याच पायरीवर, त्याच उजेडात, मोठ्याचा आवाज: "चार." इथं कुणीतरी शेजारून विचारावं, "काय रे, काय झालं?" असा मोह होतो. ती ओळ कापा. पाण्याच्या आवाजाचे दोन सेकंद जाऊ द्या आणि बटणं खेळाडूकडं परत द्या. पाणी चौथ्या पायरीला लागलेलं आहे, पलीकडून कुणीतरी हाक मारतंय.