एकसष्टावा पोरगा

नमस्कार मंडळी. आज मला विषय दिलाय पालिकेच्या छोट्या शाळांचा, पैसा का पुरत नाही आणि पोरं अभ्यासात मागे का राहतात. एका ओळीत सांगते, पट घसरला की शिक्षक जातो. शिक्षणहक्क कायदा 2009चा, त्यात पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तीन. म्हणजे एका पोरावर एक पगार अडकलेला. दोघांत पाच वर्ग, त्यात एकाला इलेक्शन ड्युटी, मग वजाबाकी शिकवणार कोण?

तर आमची गोवंडीची शाळा, साल 2023. वर्गात डोकी मोजली की 61, सरकारच्या पोर्टलवर 60. कारण संचमान्यतेला, म्हणजे पट बघून सरकार शिक्षक किती ते ठरवतं त्याला, आधार व्हॅलिड लागतं आणि एकाचं होतच नव्हतं. पोरगा माझ्यासमोर बसून खिचडी खातोय आणि सरकारदरबारी तो नाहीच! मग मी, तो आणि त्याची आजी, भर पावसात आधार सेंटरला. घरी आजीसोबत लसूण सोलायला बसायचा, किलोवर पैसे मिळतात ना, बोटं पार गुळगुळीत झालेली. ऑपरेटर म्हणाला, याचे ठसेच उमटत नाहीत. आजी म्हणते, "बरंय की, उद्या चोऱ्या केल्या तरी घावायचा नाही!" अख्खी रांग हसली.

दुसऱ्या खेपेला पुढे 47 माणसं. आता हा पोरगा, फळ्यावर 32 वजा 17 घातलं की छताकडे बघणारा, मला म्हणतो, "बाई, एकाला पाच मिनिटं लागतायत, म्हणजे पावणेचार तास नि वर दहा मिनिटं, चला वडापाव खाऊन येऊ." मी बोटांवर मोजलं, बरोबर निघालं ओ! खाल्ला मग. साधा, सुक्या चटणीचा. ते चीज घातलेलं विकतात ना हल्ली, त्याला वडापाव म्हणूच नये, माझं स्पष्ट मत आहे. असो.

चौथ्या खेपेला उमटला एकदाचा अंगठा. काही दिवसांनी पोर्टलवर 61, तिसऱ्या बाई टिकल्या. परत सांगते, पट टिकला तर शिक्षक टिकतो.

पुढच्या जूनला आजी शाळेत आली, दाखला मागायला. म्हणे, बाजूच्या गल्लीत इंग्लिश मीडियम निघालंय, टाय पण देतात.