मडक्यातलं खरेदीखत

[दृश्य: जालना जिल्हा, जूनचा पहिला आठवडा. नांगरून ठेवलेलं रान. लांबून चर्चची घंटा.]

मिरगाची वाट बघत रान तापलंय. काळ्या मातीला पंजा जाईल एवढ्या भेगा. आज रविवार, आणि पाळकांनी वाचायला घेतलाय बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचा दुसरा अध्याय. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करून देईन, असं देव तिथे म्हणतो.

या बाकांवर बसलेल्यांना टोळ समजावून सांगावे लागत नाहीत. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीची बोंडं आतून पोखरली, ते यांनी पाहिलंय. योएल टोळांची चार नावं घेतो. एकानं सोडलेलं दुसरा खातो. इथंही रांग तशीच असते. आधी पावसाची उघडीप, मग अळी, उरलंसुरलं भाव खातो.

पुढे योएल पावसाचं बोलतो. मराठी बायबलनं त्या पावसांना आपलीच नावं दिली: आगोटीचा आणि वळवाचा. पण गंमत बघा, क्रम उलटा आहे. आपल्याकडे वळीव आधी, धुरळा उडवत, आगोट त्यानंतर. योएलच्या मुलखात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीला. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरायला. शब्द आपले, ढग तिथले. हे वचन आधी यहूदाच्या लोकांना दिलेलं होतं, ते विसरून चालत नाही.

संजीवन सभांच्या मांडवात कधीकधी या भरपाईचा, म्हणजे पुनःस्थापनेचा अर्थ 'गेलेलं दुपटीनं परत' असा सांगतात. मला तो पटत नाही, कारण बायबलमधला इतिहासच तसा नाही. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून यहूदाचे लोक परतले ते पारसाचा राजा कोरेश यानं इ.स.पू. 539 मध्ये बाबेल घेतल्यावर. यरुशलेमेच्या मंदिराचा पाया पुन्हा घातला, तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले. तरणे आनंदानं ओरडत होते. कोणता आवाज कशाचा, ते ओळखू येईना, असं एज्रा लिहितो.

ख्रिस्ती माणूस ही भाकितं येशूपाशी येऊन वाचतो. यिर्मया संदेष्ट्यानं ज्या नव्या कराराचं भाकीत केलं, तेच शब्द येशूनं शेवटच्या भोजनात प्याला देताना वापरले. येशूच्या पुनरुत्थानानंतर, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, त्याचा शिष्य पेत्र यानं योएलचाच उतारा लोकांपुढे ठेवला, असं 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. पण लगेच पुढच्या अध्यायात तो सर्व गोष्टींच्या पुनःस्थापनेचा काळ अजून यायचाय, असंही म्हणतो. म्हणजे काही मिळालंय, काही बाकी आहे.

[दृश्य: जालन्याजवळचं बेथेल.]

1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले. त्यांनी वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचं हे नाव. बेथेल म्हणजे देवाचं घर. घर सोडून निघालेला याकोब जिथे दगड उशाला घेऊन झोपला आणि 'तुला परत आणीन' हे वचन ज्याला मिळालं, ती बायबलमधली जागा म्हणजे बेथेल. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं असावं.

[दृश्य: सातबाऱ्याचा घडी पडून फाटत आलेला कागद.]

जमिनीचा कागद म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगायला नको. म्हणून मला यिर्मयाची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. यरुशलेमेला शत्रूचा वेढा, शहर पडणार हे त्याचंच भाकीत, आणि तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ येतो: अनाथोथातलं माझं शेत घे. तेव्हा त्या शेतीला कोण विचारणार? यिर्मयानं 17 शेकेल चांदी तोलून दिली. साक्षीदार केले. खरेदीखताच्या दोन्ही प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी, मातीच्या मडक्यात ठेवायला लावल्या. पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं देवानं सांगितलं होतं.

पुढे यिर्मयाला लोकांनी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये नेलं. ते शेत त्यानं पेरल्याचं बायबलमध्ये कुठेच नाही.

[दृश्य: उपासना सुटली आहे. चर्चबाहेर मोटारसायकलवर बांधलेली बियाण्याची पिशवी. उधारीची. आभाळ कोरडं.]