औंदाही बसणारा गणवेश

सोलापूरचा पूर्व भाग. सकाळचे सात. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट केव्हाच सुरू झालाय. दोन खोल्यांच्या घरात नऊ वर्षांची मुलगी गणवेशाची बटणं लावतेय, स्वतःच्या हातांनी. आई बघत राहते. दोन वर्षांपूर्वी सकाळी हीच बोटं वळत नव्हती. गुडघे सुजायचे, पोरीला उचलून न्यावं लागायचं.

"एवढ्याशा पोरीला कुठला संधिवात?" शेजारी म्हणायचे. असतो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडणारी सांधेसूज म्हणजे बालसंधिवात.

प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी, सुरू झाली आणि पोर चालायला लागली. त्या गोळीचे हे उपकार विसरता येत नाहीत.

पण हा गणवेश दोन वर्षांमागच्या जूनमधला. कमरेत घट्ट झालाय, लांबीला मात्र अजून पुरतो. घरच्यांना वाटलं, खर्च वाचला.

हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. स्टेरॉइड नवं हाड भरणाऱ्या पेशींनाच थोपवतं. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीवाटे जास्त जातं. उंचीही खुंटते. आजाराची सूजसुद्धा हाड पोखरते, म्हणून सगळा दोष गोळीच्या माथी मारू नये. मार बसतो तो मुख्यतः मणक्यांना. मणका चेपतो, आणि कित्येकदा दुखतही नाही. बऱ्याच मुलांत हे उपचाराच्या पहिल्याच वर्षात घडतं.

पाठ दुखते म्हणालं पोर, तर दप्तराचं ओझं म्हणून सोडून देऊ नका. दुखत नसलं तरी डॉक्टरांना विचारा: कण्याचा बाजूने एक्स-रे काढायचा का?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपल्या जिवाभावाची, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या आसपास; नाचणीत ३०० च्या वर. ताटात नाचणी, दूध, तीळ हवेत.

आणि हे ऐकून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी तोवर मंदावलेली असते. एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

हिच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे संधिवात आवरणारं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं दुसरं औषध सुरू केलं आणि प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवलं. वाढीचं वय हाताशी असलं, तर चेपलेला मणकाही पुन्हा आकार धरू शकतो.

पुढच्या वर्षी शिंप्यानं टेप लावली. चार बोटं वाढ.

"औंदा नवा शिवावा लागणार," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.