कुंतीला सावली मानवते

मंडळी, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या नागपुरात सावलीची तक्रार व्हावी, याचं मला नवल वाटतं. पण होते खरी. धरमपेठ-रामदासपेठेत शेजारी फ्लॅट स्कीम उभी राहते, अंगणातलं ऊन जातं, गुलाब रुसतो आणि माणसं फरशा बसवून मोकळी होतात. त्याआधी कुंती लावून पाहा. काहीजण तिला कामिनी म्हणतात. बारमाही हिरवी, गर्द चकचकीत पानांची, आणि नवतपातल्या झळांपेक्षा भिंतीच्या आडोशाला जास्त खुलणारी.

मात्र सावली सावलीत फरक असतो. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारनंतर आडोसा, अशी पूर्वेची जागा उत्तम. दिवसभर अंधार असेल तर पानं राहतील, पण फुलं मोजकीच येतील. कडुनिंबाखाली लावणार असाल तर अडचण उजेडाची कमी, मुळांची जास्त. निंब वरचं पाणी आणि खत आधी ओढून घेतो.

आता माती. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. म्हणून खड्डा खणण्याऐवजी अर्धा फूट उंच वाफा करा, त्यात शेणखत आणि थोडा मुरूम घाला, आणि पहिले एक-दोन पाऊस झाले की रोप लावा. सावलीत माती उशिरा वाळते, तेव्हा रोज पाइप धरायची हौस आवरा. बोट खुपसून पाहा. दोन इंच खाली ओल असेल तर पाणी नको. आणि कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी तर झाडाला मुळीच नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. खसच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो त्यांचाच. चुनखडीच्या जमिनीत झाडाला आधीच लोह कमी मिळतं, त्यात हे क्षार भर घालतात. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता समजा.

छाटणीत आमचे माळीबुवा फार उत्साही. कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. दर महिन्याला कात्री चालवली तर फुलं दिसणार कुठून? बहर ओसरला की हलकी छाटणी करा, बस्स.

एक गोष्ट विदर्भातच आवर्जून सांगावी लागते. कुंती संत्र्याच्याच कुळातली. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारा सिला कीटक हिच्या कोवळ्या फुटीवरही वाढतो. जेमतेम तीन मिलिमीटरचा, तपकिरी, मागची बाजू वर उचलून बसतो. पिल्लं पिवळसर, मेणाचे पांढरे दोरे सोडणारी. शहरात निंबोळी तेलाच्या फवाऱ्यावर निभावतं. पण काटोल-नरखेडकडे तुमची संत्र्याची बाग असेल, तर तिथल्या घराभोवती कुंती नकोच. अरेलियाचं कुंपण करा. तेही सावलीत चांगलं चालतं.