माप आधी, परमिट नंतर : अमेरिकेतली अवजड मालवाहतूक

पुणे, नाशिक, ठाण्याच्या कारखान्यांतून प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर, मोठी यंत्रं अमेरिकेला जातात. न्हावाशेव्यापर्यंतचा रस्ता आणि पुढचा जहाजाचा प्रवास आपल्या निर्यात विभागांना पाठ असतो. ह्यूस्टनच्या धक्क्यावर माल उतरला की मात्र ‘आता तिकडचा ट्रान्सपोर्टर बघेल’ असं म्हणून फाइल मिटली जाते. त्या ट्रान्सपोर्टरला मर्यादेपेक्षा मोठ्या किंवा जड मालासाठीच्या परमिटच्या अर्जात जे आकडे भरायचे असतात, ते आपल्याच ड्रॉइंगवरून आणि पॅकिंग लिस्टवरून घेतलेले असतात. तिथे दोन इंच चुकले तर माल हजारो मैलांवर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. म्हणून आज तिकडची परमिटं कशी चालतात ते नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, अमेरिकेत केंद्र सरकार असं परमिट देतच नाही. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरून ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मर्यादेपेक्षा मोठा माल) न्यायची तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाशी संबंध येतो. तिकडे केंद्राचा कायदा फक्त मर्यादा ठरवतो. आंतरराज्य महामार्गांवर एकेरी ॲक्सलला (चाकांच्या एका आसाला) २०,००० पौंड, टँडमला (जवळजवळच्या दोन ॲक्सलच्या जोडीला) ३४,००० पौंड आणि एकूण ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६.३ टन. रुंदी १०२ इंच, म्हणजे २.५९ मीटर. उंचीवर केंद्राची मर्यादाच नाही. बहुतेक राज्यांत ती १३ फूट ६ इंच आहे, पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत १४ फूट. यापलीकडे जायचं तर ज्या ज्या राज्यातून गाडी जाणार, त्या प्रत्येकाचं वेगळं परमिट लागतं. ह्यूस्टनहून ओहायोला माल न्यायचा तर टेक्सास, अर्कान्सा, टेनेसी, केंटकी आणि ओहायो अशी पाच परमिटं, पाच नियमावल्या आणि पाच फिया. शिवाय राज्याचं परमिट बहुतेक ठिकाणी राज्याच्या रस्त्यांपुरतंच असतं. कॅलिफोर्नियात राज्य महामार्गांचं परमिट कॅल्ट्रान्स, म्हणजे राज्याचं परिवहन खातं, देतं, पण महामार्ग सोडून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे शेवटचे दोन मैल शहराचे किंवा काउंटीचे असले तर त्यांची परवानगी वेगळी काढावी लागते. हे शेवटचे दोन मैल सर्रास विसरले जातात.

परमिट मागण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं : हा माल सुटा करता येतो का? जास्त वजनाचं परमिट, थोडे अपवाद सोडले तर, न तुटणाऱ्या मालालाच मिळतं. केंद्राच्या नियमात त्याच्या तीन कसोट्या आहेत. माल वेगळा केला तर त्याचा ठरलेला उपयोग बिघडतो का, किंवा त्याची किंमत नष्ट होते का, किंवा योग्य साधनं वापरूनही तो सुटा करायला कामाचे आठ तासांपेक्षा जास्त लागतात का. यांपैकी एक तरी लागू पडली पाहिजे, आणि तासांची कसोटी लागू पडते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. एक्सकॅव्हेटर चालेल, पण त्याच्याबरोबर जादाची दुसरी बकेट ट्रेलरवर टाकली तर ती वेगळी वस्तू ठरते. एका व्हेसलबरोबर त्याच्या नोझलच्या (पाइप जोडण्याच्या तोंडांच्या) फ्लँजेसचा, म्हणजे जोडणीच्या कड्यांचा, क्रेट मोकळी जागा दिसली म्हणून चढवला, तर अख्ख्या लोडचं वजनाचं परमिट धोक्यात येतं. आपल्याकडून माल निघतानाच सुटे भाग वेगळ्या पॅकेजमध्ये आणि वेगळ्या वजनासह दाखवले तर हा घोळ होत नाही.

आता वजन. याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण एकूण वजनाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि गाडी अडकते ती ॲक्सलवर. पुलाला एकूण वजनाइतकाच त्रास ते किती लांबीत पसरलं आहे याचा होतो. म्हणून १९७४ च्या कायद्याने ‘ब्रिज फॉर्म्युला’ आणला. पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधलं अंतर फुटांत घ्या, त्याला ॲक्सलच्या संख्येने गुणा आणि त्या संख्येतून एक वजा करून जे येईल त्याने भागा. त्यात ॲक्सलच्या संख्येची बारापट मिळवा, वर ३६ मिळवा, आणि सगळ्या बेरजेला ५०० ने गुणा. पाच ॲक्सल आणि ५१ फूट घेतलं तर ६३.७५ अधिक ६० अधिक ३६, म्हणजे १५९.७५. गुणाकार ७९,८७५, जवळच्या ५०० ला धरून ८०,०००. तीच गाडी ४५ फुटांत आखडली तर मर्यादा ७६,००० वर येते. माल तोच, ट्रक तोच, फक्त ॲक्सल जवळ आले आणि चार हजार पौंड गेले. हा हिशेब बाहेरच्या ॲक्सलपुरता करून थांबायचं नाही, मधल्या प्रत्येक गटालाही तो लावावा लागतो. एक सवलत ध्यानात ठेवा : लागोपाठच्या दोन टँडमची टोकं ३६ फूट किंवा जास्त लांब असली तर दोन्हींवर मिळून ६८,००० पौंड चालतात, जरी सूत्र ६६,००० म्हणत असलं तरी.

परमिट मिळालं की या मर्यादा वाढतात, पण प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या. टेक्सासमध्ये परमिटवर एकेरी ॲक्सलला २५,०००, टँडमला ४६,०००, तीन ॲक्सलच्या गटाला ६०,००० पौंडांपर्यंत परवानगी मिळते. समजा ६५,००० पौंडांचं यंत्र आहे, तीन ॲक्सलचा लोबेड (खालच्या पाट्याचा ट्रेलर) आहे, आणि किंगपिनपासून (ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणाऱ्या खिळ्यापासून) ट्रेलरच्या ॲक्सल-गटाच्या मध्यापर्यंत ४० फूट अंतर आहे. हे यंत्र दोन फूट मागे सरकवलं तर ६५,००० गुणिले २ भागिले ४०, म्हणजे ३,२५० पौंड ट्रॅक्टरवरून, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवरून, उचलले जाऊन ट्रेलरच्या चाकांवर जातात. एवढ्यात मर्यादा ओलांडते. म्हणूनच गुरुत्वमध्य कुठे आहे ते ड्रॉइंगवर असलं पाहिजे आणि प्रत्यक्ष मालावर रंगाने खूण केलेली असली पाहिजे. यंत्राच्या एका टोकाला मोटर आणि दुसऱ्या टोकाला पोकळ नळी असेल, तर भौमितिक मध्य आणि गुरुत्वमध्य यांत सहज तीन-चार फुटांचा फरक पडतो. खूण नसली की क्रेनवाला डोळ्यांच्या अंदाजाने माल ठेवतो. माल चढवून बांधला की पहिल्या वजनकाट्यावर गट-गट वजन घ्यायचं, आणि ॲक्सलमधली अंतरं टेपने मधोमध ते मधोमध मोजायची. परमिटवर ही अंतरं फूट-इंचात लिहिलेली असतात आणि तपासणी नाक्यावरचा अधिकारी टेप लावतो.

फार जड लोडचा मार्ग वेगळा. टेक्सासमध्ये गाडीसह एकूण वजन २,५४,३०० पौंडांच्या वर गेलं की लोड ‘सुपर हेवी’ ठरतो आणि मार्गावरच्या पुलांचं विश्लेषण करावं लागतं. यात काही आठवडे जाऊ शकतात. जहाज निघाल्यावर अर्ज केला तर माल बंदरात पडून राहतो आणि भाडं चढत जातं. ट्रेलरची नेमकी रचना ठरल्याशिवाय पुलाची गणना होत नाही, आणि माल नक्की झाल्याशिवाय ट्रेलर ठरत नाही. त्यामुळे पक्की ड्रॉइंगं किमान दोन महिने आधी तिकडे पोचलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

उंचीचा हिशेब दिसायला सोपा असतो. साध्या फ्लॅटबेडचा पाटा जमिनीपासून सुमारे ५ फुटांवर असतो, म्हणून १३ फूट ६ इंचांत ८ फूट ६ इंचांचा माल बसतो. स्टेपडेकवर (मागचा पाटा एक पायरी खाली असलेल्या ट्रेलरवर) साधारण १० फुटांचा, आणि गूजनेक (पुढची जोडणारी मान) सुटणाऱ्या लोबॉयवर, म्हणजे लोबेडवर, साधारण ११ फूट ६ इंच ते १२ फुटांपर्यंतचा. चूक होते ती बाकीच्या वस्तूंत : खालचे लाकडी ठोकळे, सॅडल, वरचे लिफ्टिंग लग, ताडपत्री, एखादी चुकून तशीच राहिलेली नोझलची झाकणी. ड्रॉइंगवर ‘एकूण उंची’ लिहिलेली असते ती बहुधा उभ्या मापाची, वाहतुकीच्या आडव्या स्थितीची नसते. माल चढवल्यावर सर्वात उंच बिंदू प्रत्यक्ष मोजायचा, आणि तोच आकडा परमिटशी जुळवायचा.

इथे स्कॅजिट नदीवरच्या पुलाचं उदाहरण दिलंच पाहिजे. २३ मे २०१३ च्या संध्याकाळी वॉशिंग्टन राज्यात आय-५ महामार्गावर एका परमिटधारक ट्रकचा उंच लोड १९५५ साली बांधलेल्या पोलादी पुलाच्या वरच्या आडव्या बांधणीला धडकला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. दोन वाहनं खाली गेली. तीन जण वाचवले गेले, कुणी दगावलं नाही. परमिटवर उंची १५ फूट ९ इंच होती आणि पुढे उंची तपासणाऱ्या उभ्या काठीची पायलट (सोबतीची) गाडीही होती. त्या पुलाची वरची बांधणी कमानीसारखी होती, मधोमध उंच आणि कडेला खाली उतरलेली. ट्रक उजव्या लेनमध्ये होता, आणि डाव्या लेनमधून तोच लोड पार झाला असता. तात्पुरता गाळा बसवून १९ जूनला रस्ता सुरू झाला, तोवर अमेरिका आणि कॅनडा यांना जोडणारा हा मुख्य मार्ग त्या ठिकाणी तुटलेलाच होता. आणि वॉशिंग्टनचे नियम स्पष्ट सांगतात की परमिट दिलं म्हणजे मार्गावर पुरेशी उंची आहे याची हमी दिली असं होत नाही. खात्री करून घेणं वाहतूकदाराचं काम. पुलाची उंची प्रत्येक लेनला वेगळी असू शकते, म्हणून मार्ग-पाहणीच्या कागदावर ‘कोणत्या लेनमधून’ हा रकाना हवाच.

पायलट गाडीची काठी लोडच्या उंचीपेक्षा ३ ते ६ इंच वर लावतात. काठी खटकली आणि मागच्या ट्रकला थांबायला जागाच उरली नाही तर ती काठी निरुपयोगी. दोन्ही चालकांत रेडिओवर सतत संपर्क हवा, आणि पायलटने त्या वेळी फोनवर बोलायचं नाही. स्कॅजिटच्या वेळी पायलट गाडीची चालक हँड्सफ्री फोनवर बोलत होती. पायलट कधी लागतो हेही राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये १४ फुटांपेक्षा जास्त रुंदीला एक, १६ च्या वर पुढे आणि मागे अशा दोन, आणि १७ फुटांपेक्षा जास्त उंचीला काठीची पुढची गाडी. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत पायलट चालकाकडे त्या कामाचं प्रमाणपत्र असावं लागतं.

प्रवासाच्या वेळा बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. सणांच्या दिवशी आणि मोठ्या शहरांत गर्दीच्या वेळी बंदी. वारा, बर्फ, धुकं असलं तरी थांबायचं. म्हणून दिवसाचा आराखडा मागून पुढे करावा : सूर्यास्ताच्या वेळी गाडी कुठे उभी राहील, तिथे एवढ्या लांबीला वळायला जागा आहे का, आणि ती जागा परमिटच्या मार्गावर आहे का? इंधनासाठी एक मैल बाजूला गेलं तरी तो मार्ग सोडल्यासारखंच आहे. बऱ्याच राज्यांत एक अट मोडली की परमिट रद्द धरतात, आणि मग जादा वजनाचा दंड परमिटच्या आकड्यापासून मोजत नाहीत, मूळ कायद्याच्या मर्यादेपासून मोजतात. ३० हजार पौंडांची सूट एका चुकीच्या वळणावर नाहीशी होते.

राज्याची सीमा हीसुद्धा अडकण्याची जागा. एका राज्याचा मार्ग ज्या रस्त्याने सीमेवर संपतो, त्याच रस्त्यावर पुढच्या राज्याचा मार्ग सुरू झाला पाहिजे. एकाच नदीवर दोन पूल असतील आणि दोन कार्यालयांनी वेगळे पूल निवडले, तर गाडी सीमेवर अडकते. निघण्याआधी सगळी परमिटं एकापुढे एक ठेवून सीमेवरचे रस्ते जुळतात का ते पाहावं. तारखाही पाहाव्यात. टेक्सासचं एका फेरीचं परमिट पाच दिवस टिकतं, आणि पावसाने दोन दिवस गेले तर पुढच्या राज्यांच्या मुदतीही सरकवाव्या लागतात.

गाडीवर पुढे-मागे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ओव्हरसाइज लोड’ असतं. सर्वसाधारण पाटी ७ फूट रुंद आणि १८ इंच उंच, आणि टोकांना १८ इंचांचे लाल किंवा केशरी झेंडे. माल उतरवला की ही पाटी काढायची किंवा झाकायची, कारण रिकाम्या गाडीवर ती दिसली तर तोही गुन्हा ठरू शकतो. आणि परतताना ट्रेलरच्या बाजूच्या फळ्या बाहेर काढलेल्या राहिल्या असतील, तर गाडी रिकामी असूनही तिची रुंदी १०२ इंचांच्या वर जाते. अशा वेळी पाटी काढायची नाही आणि परतीचं परमिट वेगळं घ्यायचं.